आधी दोर

आमच्या घरात सध्या माणसं तीन आणि कॅप्टन भन्नाट एक.
त्याचं ताट वेगळं लागत नाही, एवढंच;
बाकी तो सगळीकडे असतो:
डब्याच्या झाकणावर, चड्डीच्या इलॅस्टिकवर,
टूथब्रशच्या दांडीवर, छाती काढून, पाय फाकवून.
सुकृत म्हणतो, कॅप्टन भन्नाट दुधी खात नाही.
मी विचारलं, कुठल्या भागात सांगितलंय?
"सांगायला कशाला हवं? तोंडावरून कळतं."

बायकोची जांभळी ओढणी
गेल्या दिवाळीपासून ओढणी राहिलेली नाही.
ती आता केप आहे.
केप बांधली की सुकृत दिवाणावरून उडतो,
आणि खालच्या खांडेपारकरबाई
झाडूच्या दांड्याने आपल्या छतावर उत्तर देतात.
कपाळाला दोन टाके. ढोपरांची मोजदाद नाही.
"पडलास का रे?" असं विचारायचं नाही.
"उतरलो," म्हणतो.

मे महिन्यात सोसायटीने इमारत रंगवायला काढली.
(तीन सभा, एक भांडण, आणि शेवटी ठरला
तोच पिवळट रंग, जो आधी होता.)

त्या दुपारी सुकृत खिडकीशी शिक्षा भोगत होता.
गुन्हा: फ्रीजवरून उड्डाण.
कन्नमवार नगर पापडासारखं वाळत पडलेलं,
खाडीकडून वाऱ्याची झुळूकही नाही,
आणि आमच्या सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर
आधी दोन पाय आले,
मग रंगाचा डबा,
मग अख्खा माणूस.

सुकृतच्या तोंडून शब्द फुटेना.
आमच्याकडे हा ऐतिहासिक प्रसंग.

"पाणी मिळंल का, बाळ?"
तांब्या ग्रिलमधून जाईना,
म्हणून त्याने कॅप्टन भन्नाटची बाटली दिली,
जिला हात लावायची मला परवानगी नाही.

"तू उडतोस?"
"न्हाई रे. दोर हाय ना."
"कॅप्टन भन्नाटला दोर नसतो."
पाणी पिऊन त्याने बाटलीवरचं चित्र नीट न्याहाळलं,
एका कारागिराने दुसऱ्याचं काम बघावं तसं.
"मग याला धरतं कोन?"
"कुणीच नाही."
"मंग येडा हाय. पडंल एक दिवस."

मी आतल्या खोलीत, पेपरच्या आड, श्वास रोखून.
असं बोलणाऱ्याची या घरात गय होत नाही;
माझ्या सासऱ्यांशी अबोला नऊ दिवस चालला होता.

पण सुकृत म्हणाला, "तुला भीती नाही वाटत?"
"वाटती की. रोज. पहिलं पाऊल टाकताना.
म्हनून तर गाठ तीनदा बघतो."
नाव मुनाफ, गाव परतूर.
वर गच्चीत दोराशी त्याचा मेव्हणा बसलेला.
मेव्हण्याचं काम एकच: बसायचं, आणि झोपायचं नाही.
"त्याला पण पॉवर आहे?"
"त्याला उचकी हाय," मुनाफ म्हणाला,
"ऐकू आली की समजायचं, जागा हाय."

पुढच्या वाटाघाटी मला ऐकू आल्या नाहीत.
थोड्या वेळाने खालून सेक्रेटरी हट्टंगडी ओरडले,
"अहो, ते जांभळं काय फडफडतंय?"
धावत जाऊन पाहिलं:
मुनाफ सहाव्या मजल्याशी पिवळट रंग मारतोय,
आणि त्याच्या कमरेला माझ्या बायकोची ओढणी.
(गळ्यात नाही. गळ्यात अडकते म्हणे.)
खांडेपारकरबाईंच्या खिडकीतून टाळ्या.

संध्याकाळी ओढणी परत आली, ठिपके घेऊन.
बायकोने ती पाहिली, मग मला पाहिलं.
काहीही झालं तरी शेवटी मलाच पाहतात.

उड्या थांबल्या असं नाही.
फक्त आता आधी अर्धा तास तयारी चालते.
कपडे वाळत घालायची दोरी गायब असते,
गाठ तीनदा बघितली जाते,
आणि दुसरं टोक माझ्या हातात.
फोन घ्यायचा नाही, उठायचं नाही,
डुलकीचं तर नावच नको.
दिवाणाची उंची सव्वा फूट.

"बाबा, धरलंय?"
धरलंय.
"मग उचकी काढ ना."
काढतो.